डायरीतली मुलगी आणि शेवटचा फर्मा

केसमधली जोडाक्षरं संपली, तेव्हा पुस्तकाचं शेवटचं पान अर्धंच जुळलं होतं.

केस म्हणजे खिळ्यांचा लाकडी ट्रे. खणाखणांत शिशाची अक्षरं, तेच खिळे. ती उचलून ओळी जुळवायच्या, हे कंपॉझिटरचं काम. पोर्ट लुई ही समुद्रापारच्या एका बेटाची राजधानी; तिथल्या त्या छापखान्यात मराठी खिळे एवढेसेच. म्हणून आठ पानं जुळवायची, तो फर्मा छापायचा, खिळे परत खणांत टाकायचे आणि पुढची आठ घ्यायची. छापलं ते गेलं. मागे जाता येत नाही.

मी कुडाळकडचा, सातवीत शाळा सोडलेला. मालक इथलेच, चार पिढ्यांचे मराठी. त्यांनी तिकीट पाठवून मला बोलावलं, राहायला मागची खोली दिली. त्यांचे उपकार आणि त्यात परमुलूख. कॉपीत, म्हणजे लेखकाच्या कागदात, एक काना बदलायची माझी छाती नव्हती.

ही कॉपी बों अक्योय गावच्या गुरुजींची. संध्याकाळी बैठकेत, म्हणजे गावच्या सभाघरात, ते मुलांना मराठी शिकवत. ऐंशीनंतरची ती वर्षं. ब्राउन शुगर, ती नशेची भुकटी, उसाच्या गावांपर्यंत पोचली होती. गुरुजींनी पोरांसाठी पुस्तक केलं, सोळा वर्षांच्या एका मुलीची डायरी. मुलीला नाव नव्हतं.

खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. मजकूर आरशातून पाहावा तसा दिसतो, अर्थ उशिरा लागतो. दुपारी बंदराकडून वारा यायचा आणि त्या उलट्या ओळींतून ती मुलगी हळूहळू माझ्यापर्यंत यायची. पत्र्यावरचा पाऊस. उसाचे तुरे, धुरातून दिसावेत तसे. मैत्रिणीच्या खोलीत पहिल्यांदा घेतलं ते. आईच्या बांगड्या गेल्या ती तारीख. मग चार तारखा कोऱ्या. त्या तारखांच्या मध्ये मी लेडिंग जरा जास्तच घातलं. लेडिंग म्हणजे दोन ओळींमधली शिशाची पट्टी. तिला थोडी जागा द्यावी, असं वाटलं.

शेवटच्या पानात ती मरते. तिथं हात अडखळला. 'दुर्व्यसनाच्या विध्वंसक अग्नीत' वगैरे. इतके दिवस जोडाक्षरांच्या ज्या खणांना फारसा हात लागला नव्हता, ते एका पानात रिकामे. इथं दुसरंच कोणी बोलतंय, हे आधी बोटांना कळलं.

त्याच दुपारी गुरुजींची पुतणी सुनंदा प्रुफं न्यायला आली. गुरुजींना ताप होता. सतरा-अठराची, हडकुळी पोर, उन्हातही लांब बाह्या. मी अर्ध्या पानाचं प्रूफ काढून दिलं. तिनं ओळींवर बोट फिरवत वाचलं आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसली.

"तोंतों," ती म्हणाली. इथं काकाला तोंतों म्हणतात. "मी तं जित्ती हाय."

"म्हणजे?"

"डायरी माजी हाय. क्रेओल बोलीत लिवली होती, काकानं मराठी केली. मला इचारून केली. हे मातर इचारलं नाय."

"पुस्तकात तुझं नाव कुठंय?"

"गावाला वळखायला नाव लागतं?" ती हसली. मग हसू गेलं. "चार महिने झाले सोडून. रोज सकाळी उठते न् म्हंते, आज नाय. बैठकेतल्या पोरी हे वाचतील न् माज्याकडं बघतील, ही अजून जित्ती कशी. मलाबी वाटंल, शेवट ह्योच."

मी मालकांकडे गेलो. एवढंच म्हणालो, "जोडाक्षरं पुरत नाहीत. फर्मा अडलाय." ते खोटं नव्हतं.

मालक बाहेर आले. प्रूफ वाचलं, पोरीकडे पाहिलं. "गुरुजीला बोलाव," ते तिला म्हणाले. "तवर फर्मा आवळायचा नाय." आवळणं म्हणजे पानं चौकटीत घट्ट कसणं; मग थेट छपाई.

तिसऱ्या दिवशी गुरुजी मफलर गुंडाळून बसनं आले. सुनंदा सोबत.

"ती मेली नाही तर भिणार कोण?" ते म्हणाले. "पोरांना धाक नको?"

"काका, मी भ्याले व्हते," सुनंदा म्हणाली. "भ्याले तवाच जास्त घेतलं."

गुरुजींनी प्रूफ पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

परत पाठवलं तर आईला काय सांगू? "गुरुजी, मी सातवी. मला पुस्तकातलं कळत नाही. पण या पानाला खिळे पुरत नाहीत. हिच्या बोलण्याला नेहमी पुरले."

"नवे खिळे बोटीनं मागवतो," मालक शांतपणे म्हणाले. "तीन-चार महिने लागतील. तवर पोर जित्ती राहिली, तं काय छापायचं?"

गुरुजींनी मफलर काढला. स्टुलावर बसले, खिशातून पेन घेतलं. "काल काय केलंस?" त्यांनी पुतणीला विचारलं. ती सांगत गेली, ते लिहीत गेले, मी जुळवत गेलो.

शेवटची नोंद अशी छापली: 'आज फ्लाकच्या बाजारात भाजी विकली. येताना बसमधे झोप लागली. जाग आली तर आपलं गाव आलं होतं.'

जोडाक्षरं दोनच लागली. तेवढी होती.

पुस्तक बैठकांत गेलं. त्यानं किती पोरं सुटली, मला माहीत नाही. सुनंदा पोर्ट लुईला आली की माझ्या टेबलावर एखादं शिराळं ठेवून जायची. एकदा तीन महिने आली नाही. रोज माझी नजर दाराकडे जायची. मग आली, आणखी हडकलेली. शिराळं ठेवलं आणि म्हणाली, "आज नाय."

धंद्यात मी शिकलो ते एवढंच. ज्या माणसाबद्दल छापतोय ते माणूस अजून बसनं येऊ शकत असेल, तर शेवटचा फर्मा घाईनं आवळू नये.