वासापुरतं

मुलं परदेशी निघाली की घरात सामान जमतं आणि शेजाऱ्यांकडे किस्से. सामान विमानाने निघून जातं, किस्से मागेच राहतात. आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या सुधाताईंची मनू नोकरीसाठी चीनला निघाली, तेव्हापासूनचे माझ्याकडे इतके साठलेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या दोन घरांची भिंत एकच आहे. मी मुद्दाम ऐकत नाही, मला ऐकू येतं.

मनू वीगन आहे. मांस-अंडी तर सोडाच, दूध, दही, मधसुद्धा बंद. सुधाताईंना चीनची भीती नव्हती, काळजी वेगळीच होती. "इथे मी आहे मागे लागून खाऊ घालायला. तिथे हिला जबरदस्ती वाढणारं कोण आहे? पोरगी उपाशी झोपेल." हे म्हणताना त्यांचे डोळे खरंच भरून यायचे.

*

एकदा मी त्यांच्याकडेच जेवायला होते. मनूने वरणभाताचा पहिला घास घेतला आणि थांबली.

"आई, तूप टाकलं?"

"नाही."

"वास येऊन राहिला."

"मग वासापुरतंच टाकलं ना."

"अगं, तूप दुधाचं असतं."

"दुधाचं होतं. मग त्याचं दही झालं, मग लोणी झालं, मग ते कढवलं. आता कुठे राहिलं त्यात दूध?"

मनूने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी लोणचं वाढून घेतलं.

*

चिनी भाषेत शाकाहाराला 'सू' म्हणतात म्हणे. 'वो ची सू' म्हणजे 'मी शाकाहारी खाते'. पुढे अंडं नको, दूध नको असं जोडत जायचं. मनू मोबाइलवर ऐकून दिवसभर घोकायची.

तेवढ्यात तिला भेटायला नागपूरहून आत्या आल्या. खोलीतून "वो ची सू, वो ची सू" असा आवाज आला, तशा त्या उठल्या आणि बाथरूमचं दार ठोठावू लागल्या. "अरे, कोण आहे आत? पोरगी केव्हाची सांगून राहिली, दार काहून बंद ठेवलं?"

आत मनूचे बाबा होते. अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आले बिचारे.

*

सुधाताईंचं म्हणणं, सराव चिनी माणसासमोरच व्हायला हवा. म्हणून आम्ही तिघी कांचघर चौकातल्या एका चायनीजच्या गाडीवर गेलो. गाडीवर चांगला लालभडक ड्रॅगन रंगवलेला होता. मनू लाजून मागे राहिली, म्हणून सुधाताईच पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भैया, वो ची सू."

गाडीवाल्याने झारा खाली ठेवला. "आंटीजी, हम तो यहीं पास के कुंडम गाँव के हैं," तो नम्रपणे म्हणाला. "आप कौन से देश से आई हैं?"

*

बॅग भरायचं काम बाबांकडे होतं. बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेले, सगळं पद्धतशीर. त्यांनी अर्धी बॅग सोयाबीनच्या वड्यांनी भरली.

"बाबा, सोयाबीनचं सगळं तिकडेच तर मिळतं. टोफू त्यांचाच आहे," मनू म्हणाली.

"असेल. पण आपण चायना मालावर विसंबून राहायचं नाही."

तळाशी खोबरेल तेलाची एक बरणी निघाली. सुधाताई म्हणाल्या, केसांसाठी आहे. थंडीचे दिवस, तेल गोठलेलं. मनूने झाकण उघडून वास घेतला आणि बरणी माझ्या हातात दिली. ते तूप आम्ही संक्रांतीपर्यंत खाल्लं.

*

विमानतळावर मनू आत गेली. सुधाताई काचेपाशी उभ्या. रडायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून त्या ओरडल्या, "मने, सू विसरू नको!"

दारावरचा जवान हळूच म्हणाला, "माताजी, चिंता मत कीजिए, अंदर भी बाथरूम है."

*

आणि हा परवाचा. मनूचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होते. तिच्या शेजारी एक चिनी आजी राहतात. त्यांनी तिला जेवायला बोलावलं होतं. मनूने पाठ केलेलं सगळं वाक्य म्हणून दाखवलं, आजींनी मान डोलावली आणि वाडगाभर नूडल्स आणून ठेवल्या. मनूला वास आला.

"मी मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, यात मांस आहे का? तर म्हणे, नाही, फक्त डुकराची चरबी आहे. चरबी म्हणजे कुठे मांस? आणि वासापुरतीच टाकली."

सुधाताई मोबाइलच्या आणखी जवळ सरकल्या.

"मी नाही म्हटलं, तर दुसरा वाडगा करून आणला. त्यातही थोडी होतीच. तिसऱ्यांदा नुसत्या तेलात केल्या, आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली गं. उठूच देईना. मी रडकुंडीला आले, आई."

सुधाताईंनी पदराने डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चलो. आज मला झोप लागेल."