गाडीवरची खोली की गाडीमागची

डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या आमच्या घराच्या बैठकीत एका रविवारी नवऱ्याने सगळं फर्निचर भिंतीला सरकवलं आणि कार्पेटवर रंगारी वापरतात तसली कागदी चिकटपट्टी लावून दोन चौकोन आखले. लहान चौकोन म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायची फायबरग्लासची खोली. लांबट चौकोन म्हणजे गाडीच्या मागे हुकाला अडकवून ओढायची छोटी कॅरव्हॅन. दोन्ही जुन्याच, दोन्ही विकाऊ, दोन्ही किल्डेअरकडच्या एकाच माणसाच्या आवारात उभ्या होत्या. आम्हाला त्यातली एक घ्यायची होती.

"बाबा, या, बसून बघा," म्हणत त्याने माझ्या वडिलांना हाताला धरून लहान चौकोनात आणलं आणि खुर्ची दिली. बाबा बसले. त्यांचे गुडघे पट्टीच्या बाहेर गेले.

"तुमचे गुडघे आत्ता शेगडीला लागलेत," नवरा गंभीरपणे म्हणाला. बाबांनी घाईघाईने पाय आत ओढून घेतले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि मला हसावं की डोकं आपटावं ते कळत नव्हतं.

बाबा अमरावतीहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच कुठे निघाले होते, आणि आम्हाला माहीत होतं की शेवटचंच. साखरेने त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब केला होता. लेझर करून झालं होतं, आत दोनदा रक्त येऊन गेलं होतं. जे बघायचं ते लवकर बघून घ्या, असं तिथल्या डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. बाबांनी ते फोनवर मला अगदी सहज सांगितलं, आज भाजी काय केली ते सांगावं तसं. मग म्हणाले, "मले तो तुमच्याकडचा समुद्र पाहाचा आहे. तो पार पश्चिमेचा. जिथं जमीन संपते म्हणतात."

त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. धरणं, कालवे, बंधारे. जन्मभर अडवलेलंच पाणी पाहिलं, असं ते म्हणायचे. मुंबईला एकदा चौपाटीवर गेले होते, पण तिथे माणसंच दिसली म्हणाले. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. तीही फोनवर, आणि मागितल्यावर लगेच, "नाई जमलं तरी चालते," असं जोडून.

आता कुणीही विचारेल, की यात अवघड काय आहे? आयर्लंड एवढासा देश. सकाळी गाडीत बसायचं, दुपारी पश्चिमेला. पण तेव्हा मोटरवे अर्धेमुर्धेच झाले होते, गावागावातून अडकत जावं लागायचं, आणि बाबांना दर अर्ध्या तासाने लघवीला जावं लागत असे. साखर, प्रोस्टेट आणि वर रक्तदाबाची गोळी. रस्त्यात प्रत्येक गावात पब होता, पण पबच्या दारात पाऊल ठेवायला बाबा तयार नव्हते. कुंपणाआड उभं राहायला तर मुळीच नाही. आल्या आल्या आम्ही त्यांना जवळच्या डोंगरात फिरायला नेलं, तर त्यांनी सकाळपासून पाणीच प्यायलं नाही आणि परतताना त्यांना गाडीत चक्कर आली. त्या दिवशी नवऱ्याने ठरवलं की संडास आपल्या सोबत न्यायचा. मोटरहोम, म्हणजे आत संडास-पलंग असलेल्या गाड्या, भाड्याने मिळत होत्या, पण त्याच्याकडे प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्स होतं आणि त्यावर कुणी गाडी देईना. म्हणून विकत.

मी काय करू शकत होते? मला गाडी येत नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून मला नोकरीची परवानगी नव्हती. मी पोळ्या करू शकत होते, आणि मी त्या केल्या.

नवऱ्याने मात्र काम अंगावर घेतलं. तो सॉफ्टवेअरवाला, ग्रँड कॅनाल डॉक भागातल्या ऑफिसात जाणारा, पुण्यात वाढलेला. कुठलीही वस्तू तुलना केल्याशिवाय घेणं त्याला पाप वाटतं. मिक्सर घ्यायला आम्हाला एक हिवाळा लागला होता. ट्रकवरच्या खोलीच्या बाजूने हे, की ऑफिसातला एक आयरिश मित्र त्याच्या भावाचा पिकअप आठवडाभर द्यायला तयार होता. मागे काही ओढायचं नाही, म्हणजे प्रोव्हिजनलवर चाललं असतं. शिवाय ती खोली म्हणजे फायबरग्लासचे दोनच तुकडे, करंजीसारखे कडेने जोडलेले. पावसाचं पाणी आत यायला फटच नाही. पण ती उंचावर. मागून शिडीसारख्या पायऱ्या चढून आत जायचं, आणि झोपायची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर.

कॅरव्हॅनला एकच ठेंगणी पायरी. बाबांच्या डोळ्यांना ती बरी. पलंग खाली, ऐसपैस. पण ओढायला वेगळं लायसन्स लागायचं, त्याची वेगळी परीक्षा, आणि परीक्षेची रांग इतकी लांब की तोवर बाबा अमरावतीला परत जाऊन जुने झाले असते. वर तिच्या छताला सांधे होते आणि एका कोपऱ्यात ओल होती.

हे सगळं रोज संध्याकाळी, जेवताना. "पायऱ्यांना कठडा लावता येईल." "पण उतरताना?" "परीक्षेची तारीख कुणी रद्द केली तर आपल्याला मिळेल." "ओल कुठवर गेली असेल?" बाबा मान हलवत ऐकायचे. जावई आपल्यासाठी एवढा विचार करतो याचंच त्यांना ओझं व्हायचं. मी दर दोन दिवसांनी चिडून म्हणायचे, "अरे, घे ना एक काहीतरी!" आणि नवरा म्हणायचा, "घाईत चूक होईल." कार्पेटवरची चिकटपट्टी तशीच राहिली. आम्ही चहाचे कप घेऊन त्या चौकोनांतून ये-जा करायचो. व्हिसाचा पहिला महिना गेला, दुसरा निम्मा गेला. बाबा हल्ली जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरतात हे मला दिसत होतं, आणि त्यांना विचारायची मला हिंमत होत नव्हती.

शेवटी आम्ही तिघं किल्डेअरला गेलो. विकणारा माणूस आडवा, लालबुंद चेहऱ्याचा, बोलायला गोड. त्याच्या तोंडी सगळंच "ग्रँड" होतं. छत ग्रँड, गॅस ग्रँड, कॅरव्हॅनची ओलसुद्धा ग्रँड. बाबांना त्याने स्वतः हात देऊन ट्रकवरच्या खोलीत चढवलं. बाबा चढले. आत उभं राहून त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला आणि एखादा बंधारा तपासावा तसं म्हणाले, "मजबूत आहे." मला इतका आनंद झाला की वाटलं, ठरलं. आता पुढच्या आठवड्यात समुद्र.

मग त्या माणसाने ओट्याखालचं फडताळ उघडलं. फडताळाला तो इथल्या पद्धतीने प्रेस म्हणत होता. त्यातून एक संडास पुढे सरकत आला. शेगडीपासून हातभर. बाबांनी त्याचंही काही मनावर घेतलं नाही. त्या माणसाने बाहेर जाऊन भिंतीतलं एक छोटं दार उघडलं आणि सुटकेसएवढी प्लास्टिकची टाकी ओढून दाखवली. खाली चाकं, वर मूठ. म्हणाला, भरली की अशी न्यायची, ओतायची, धुवायची. कॅरव्हॅनमध्येही हेच.

बाबांनी आपल्या सरकारी इंग्रजीत अदबीने विचारलं, "सर, ही कोण नेतं?"

तो हसला. नवऱ्याकडे अंगठा करून म्हणाला, "युअर मॅन देअर. जो गाडी चालवतो, तोच नेतो. तसा नियमच आहे!"

नवराही हसला. म्हणाला, "हो, मी नेईन. त्यात काय!"

बाबा हसले नाहीत. ते सावकाश खाली उतरले आणि गाडीजवळ जाऊन उभे राहिले.

परतताना बाबा म्हणाले, "जावईबापू, एक सांगू? मले समुद्राची तशी काही हौस नाई. इथंच बरं वाटते. तुमी कायले एवढा खर्च करता?"

नवऱ्याला वाटलं, पायऱ्यांची भीती वाटली. तो लगेच म्हणाला, "मग कॅरव्हॅन घेऊ. लायसन्सचं बघतो मी." आणि टॅला येईपर्यंत तो कॅरव्हॅनच्या बाजूने बोलत राहिला. मी मागच्या सीटवर बसून त्याच्या मानेकडे बघत होते. माझ्या लक्षात आलं होतं. आमच्याकडच्या कुठल्याही मुलीच्या लक्षात आलं असतं.

घरी आल्यावर बाबांनी स्वतःचा चहाचा कप विसळायला घेतला. ते आल्या दिवसापासून स्वतःचा कप स्वतः विसळत. लेकीच्या घरी राहणं हेच त्यांच्या पिढीला जड. त्यांचे वडील तर माझ्या आत्याकडे तिला मूल होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

"बाबा, त्या टाकीमुळे ना?"

त्यांनी कप पालथा ठेवला. मग नळ बंद करून म्हणाले, "बाई, लग्नात मी त्यायचे पाय धुतले आहेत. तुह्या आईनं पाणी घातलं, मी धुतले. ज्याचे पाय धुतले, त्यानं माही घाण वाहाची? नाई जमत मले."

"मी नेईन. मी तुमची मुलगी आहे."

"तू त्यायची बायको आहेस. अन् ते तुले नेऊ देतीन का? चांगले आहेत ते. तोच तर घोळ आहे."

मला संताप आला. बाबांचा, त्या पाय धुण्याचा, ज्याने कुणी ही रीत काढली त्याचा. डोळे चाललेत आणि हा माणूस रीत सांभाळतोय! मी तावातावाने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, दोघं बोलतील, मोकळं होईल. झालं उलटं. नवरा थेट बाबांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "बाबा, माझ्या वडिलांचं मी केलंच असतं ना? मग तुमचं का नाही?"

बाबा पलंगावरून उठले आणि त्यांनी जावयासमोर हात जोडले. नुसते हात जोडून उभे राहिले, आणि त्यांची मान खाली होती. नवरा "अहो बाबा, अहो बाबा" करत मागे सरकला. दारात मी होते. आम्ही तिघं तसेच उभे होतो आणि तिघांपैकी कुणालाही पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यानंतर आमच्या घरात त्या दोन गाड्यांचा विषय निघाला नाही. चिकटपट्टी नवऱ्याने उपटून काढली. कार्पेटवर तिचा गोंद राहिला.

बाबांच्या जायच्या आदल्या शनिवारी नवरा सकाळीच म्हणाला, "चला, निदान इथला तरी समुद्र बघून येऊ." इथला म्हणजे डब्लिनचा, पूर्वेचा. घरापासून फार लांब नाही. बाबा पाण्याचा घोटही न घेता निघाले, आणि या वेळी आम्ही आग्रह केला नाही.

आम्ही गाडी भिंतीपाशी लावली आणि मी खाली उतरून बघितलं, तर ओहोटी लागलेली. इथला किनारा इतका सपाट की ओहोटीला समुद्र मैलभर आत जातो. समोर नुसती वाळू होती. राखाडी, ओली, पार लांबवर. कुत्री फिरवणारी दोन माणसं त्या वाळूत इतकी आत गेली होती की मुंगीएवढी दिसत होती. पाणी असलंच तर पार टोकाला एक रेघ. नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "भरतीची वेळ बघायलाच विसरलो." एवढं सगळं मोजणारा माणूस! त्याचा चेहरा पडला होता.

बाबांना मी हात धरून भिंतीपर्यंत आणलं. त्यांनी दोन्ही हात भिंतीवर टेकले आणि मान वर करून समोर पाहिलं. वारा होता. ते बराच वेळ पाहत राहिले. मी सांगणार होते, की बाबा, आज ओहोटी आहे, थोडं थांबावं लागेल.

"बाप्पा!" बाबा म्हणाले. "केवढं पाणी आहे वं हे!"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो तोंड उघडत होता. मी त्याचा दंड घट्ट धरला.

"पार तिथपर्यंत," बाबा हाताने दाखवत म्हणाले, त्या दोन माणसांच्या, त्या कुत्र्यांच्या अंगावरून हात फिरवत. "एकही माणूस नाई, काही नाई. नुसतं पाणी. लाटा मोठ्या आहेत का गं आज?"

"हो बाबा," मी म्हणाले. "मोठ्या आहेत."

"दिसून राहिलं," ते म्हणाले, आणि वळून अंदाजाने हात पुढे करत त्यांनी नवऱ्याचा खांदा शोधला. "जावईबापू, तुमी दाखवलं. झालं माह्यं."