उरला?

आमच्या शाखेत दोन गोष्टी न मागता जमायच्या. एक, खिडकीच्या चौकटीवर सिलतऱ्याच्या कारखान्यांचा काळा भुगा, दुसरी, किस्से. भुगा चैतराम रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचा. किस्से पुसायची सोय सरकारनं केली नव्हती, म्हणून रिटायर झालो तेव्हा ते माझ्याबरोबर घरी आले. बायको म्हणते, त्यापेक्षा भिंतीवरचं घड्याळ दिलं असतं तर बरं झालं असतं.

खातं कोणतं ते सांगत नाही. पेन्शन चालू आहे. काम एवढंच, की रायपूरच्या आसपास रस्त्यावर जे मेले किंवा जखमी झाले, त्यांचे ठाण्यांतून आलेले कागद एका फॉर्मात उतरवायचे. आम्ही तिघं होतो. बडे बाबू हरदास, ज्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. मी, ज्याचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी वर्ध्याहून आले. आणि आमचा भृत्य, म्हणजे शिपाई, चैतराम. तो बिरगावहून सायकलनं यायचा. त्याची बायको फूलबाई उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होती. घर रस्त्याच्या एका बाजूला, गेट दुसऱ्या बाजूला आणि मधून दिवसभर लोखंडानं भरलेले ट्रक. ती रोज दोनदा तो रस्ता पायी ओलांडायची.

चैतरामला वाचता येत नव्हतं. सकाळी फडकं हातात घेण्याआधी तो माझ्या टेबलाशी येऊन एकच शब्द विचारायचा: "उरला?"

म्हणजे, आजच्या कागदांत उरल्याचा आहे का? मी "नाही" म्हणालो की त्याचा जीव भांड्यात पडायचा. मराठी कानाला मात्र तो सवाल-जवाब भलताच ऐकू येतो. हरदास इतकी वर्षं दरवेळी दचकायचे.

*

फॉर्मात एक रकाना होता: मृताचे वाहन. ट्रक, कार, मोटरसायकल, सायकल, जे असेल ते लिहायचं. मेलेला पायी चालत असेल तर काय लिहायचं, हे फॉर्म छापणाऱ्याला सुचलं नव्हतं. तो बहुधा गाडीतून फिरत असावा. हरदास अशा ठिकाणी "निरंक" लिहायचे. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही.

वर्षाअखेरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी गोषवारा वाचला. ट्रकचे इतके, मोटरसायकलचे इतके. पायी चालणाऱ्यांची ओळच नव्हती. साहेब खूश झाले. म्हणाले, पादचारी आपल्याकडे सुरक्षित आहेत, ही मोठी उपलब्धी आहे.

मी हळूच सांगितलं, की साहेब, ते सगळे निरंकमध्ये आहेत.

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "निरंक म्हणजे काहीच नाही ना? मग त्यात लोक कसे असतील?"

अभिनंदनाचा ठराव पास झाला. अनुमोदक म्हणून माझं नाव आहे.

*

दुसरा रकाना होता, चूक कुणाची. पायी माणूस मेला की ठाण्याहून ठरलेलं वाक्य यायचं: "अचानक वाहनासमोर आला." सायकलवाला मेला तरी तेच. वाचून असं वाटायचं, की रायपुरात चालणारे लोक झाडामागे लपून ट्रकची वाट बघत असतात.

एकदा एका ट्रकनं रस्त्याकडेचा पानठेला उडवला. ठेलेवाला आतच बसलेला होता. पाय मोडला, जीव वाचला. कागदावर तेच वाक्य. मी उलट टपाली विचारलं, की हा ठेला कित्येक वर्षं त्याच जागी उभा आहे, तो अचानक समोर कसा आला?

आठवड्यानं उत्तर आलं: "ट्रकच्या दृष्टीने अचानक."

*

एका वर्षी हेल्मेट सप्ताहात हुकूम निघाला, की समस्त कर्मचारी हेल्मेट घालूनच कार्यालयात प्रवेश करतील. "दुचाकीवर येणारे" हे दोन शब्द टायपिंगमध्ये राहून गेले होते. गेटवरचा चौकीदार हुकुमाचा पक्का. त्यानं सायकलवाल्या चैतरामला अडवलं, बसनं आलेल्या आवक-जावकच्या वैद्यबाईंना अडवलं, आणि पायी आलेल्या मलाही अडवलं.

शेवटी स्कूटरवाले हरदास आपलं हेल्मेट घालून आत गेले आणि त्यांनी ते भिंतीवरून बाहेर फेकलं. ते घालून वैद्यबाई आत गेल्या आणि त्यांनी ते परत फेकलं. मग मी. मग चैतराम. मागून लेखा शाखा. त्या एका हेल्मेटनं त्या दिवशी पंधरा-वीस जणांची हजेरी वाचवली.

चौकीदार प्रत्येकाला सलाम करत होता.

*

त्याच हेल्मेटची पुढची गोष्ट. हरदास ते एरवी कधी डोक्यावर घालत नसत. "डोकं गरम होते माझं," म्हणायचे. पण वस्तू जपायची सवय. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीनं आवळून ठेवायचे. पंडरीच्या बाजारात कापडाच्या गाठी नेणारा एक ऑटो त्यांना घासून गेला. स्कूटर आडवी, कपाळाला सहा टाके. हेल्मेटला ओरखडा नाही.

त्यांचा फॉर्म मलाच भरावा लागला. हेल्मेट होते की नव्हते, एवढंच विचारलेलं. मी हॉस्पिटलच्या खाटेशी बसून विचारलं, काय लिहू?

"काहून विचारून राहिला? होतं ना!" हरदास म्हणाले. "मी खोटं बोलत नाही."

लिहिलं, होते.

*

आणि एका सकाळी चैतरामनं विचारलं, "उरला?" आणि मला "नाही" म्हणता आलं नाही. मी म्हणालो, "हव."

कागदावर फूलबाईच्याच गेटचं नाव होतं. अज्ञात महिला, वय अंदाजे पस्तीस, कँटीनचे डबे घेऊन रस्ता ओलांडताना. एवढंच. हरदासांनी आपला फोन चैतरामच्या हातात दिला. फूलबाई उचलेना. तो खिडकीशी उभा राहून पुन्हा पुन्हा लावत राहिला. आम्ही दोघं कागद चाळत बसलो, जणू त्यांत आणखी काही लिहिलेलं असेल.

अर्ध्या तासानं फोन उचलला गेला. फूलबाई होती. गेली ती मंगली, तिच्या शेजारून चालणारी.

चैतरामनं हरदासांचा फोन फडक्यानं पुसून खिडकीत ठेवला. मग टेबलाशी आला. हरदास फॉर्म भरत होते. वाहनाच्या रकान्यात काय लिहिलं, ते त्यानं विचारलं. हरदास म्हणाले, निरंक. म्हणजे काय? म्हणजे काही नाही.

"चार डब्बा तो रहिस, बाबू," चैतराम म्हणाला. चार डबे तरी होते तिच्याजवळ.

हरदासांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला.

*

त्याच दुपारी मी चैतरामचा अर्ज लिहून दिला. गेटसमोर ट्रक हळू होतील असं काहीतरी करा. ब्रेकर, पांढरे पट्टे, काहीही. त्यानं अंगठा उमटवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: सदर ठिकाणी पादचाऱ्यांचे मृत्यू अभिलेखानुसार निरंक असल्याने आवश्यकता दिसून येत नाही.

उत्तर आमच्याच शाखेच्या आकड्यांवरून तयार झालं होतं. हरदासांनी ते तीनदा वाचलं. मला म्हणाले, "हे आपण केलं, भाऊ."

मग दोन वर्षांनी कॉम्प्युटर आला. जुने फॉर्म त्यात चढवायचे होते. ऑपरेटर म्हणून मराठी घरातलीच एक पोट्टी आली. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असा करार न करताच झाला. ती म्हणाली, "अंकल, निरंक नहीं ले रहा. लिस्ट में से ही चुनना पड़ेगा."

यादीत ट्रक होता, बस, कार, मोटरसायकल, सायकल, बैलगाडी होती. पायी माणूस नव्हता. "इतर" हा पर्यायही नव्हता. मी वर फोन करून विचारलं. वरून सांगितलं, सर्वांत जवळचं ते निवडा.

हरदास खुर्चीत मागे रेलले. जरा विचार करून म्हणाले, "बैलगाडी टाक. इंजिन नाही, हॉर्न नाही, अन् दिवसभर ओझं वाहून राहिले."

पुढच्या मीटिंगमध्ये साहेब पडद्यावरचा तक्ता बघून चकित झाले. कारखान्यांच्या पट्ट्यात एवढ्या बैलगाड्या? आणि सगळ्यात जास्त उरल्याच्या त्या गेटसमोर? बैलांचा मामला नाजूक असतो. कुणी पेपरात दिलं तर? पादचाऱ्यांसाठी दोन वर्षं न हललेली फाइल बैलांसाठी दहा दिवसांत हलली. गेटच्या दोन्ही बाजूंना दुरून चमकतील असे मोठे पिवळे बोर्ड लागले. त्यांवर बैलगाडीचं ठसठशीत चित्र, आणि खाली: सावधान, वाहन हळू चालवा.

वर्षभरानं नवे साहेब आले. त्यांनी जागेवर जाऊन पाहणी केली. त्यांना एकही बैलगाडी दिसली नाही. फाइलवर शेरा आला: फलक अनावश्यक वाटतो. काढावा काय? शाखेचे मत द्यावे.

फाइल घेऊन चैतरामच आला. बोर्ड काढायचं चाललंय, हे त्याला बाहेर कुणीतरी सांगितलं होतं. तो फाइल टेबलावर ठेवेना, छातीशी धरून उभा राहिला.

"बइला खोजथें, बाबू," तो म्हणाला. ड्रायव्हर चित्र बघतात, ट्रक हळू करतात आणि बैल कुठे आहेत ते शोधत राहतात. तेवढ्यात फूलबाई आणि कँटीनच्या बाकीच्या बाया रस्ता ओलांडून घेतात.

हरदासांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "लिही."

मी लिहिलं: "फलक लागल्यापासून सदर ठिकाणी एकही बैल दगावलेला नाही. कायम ठेवावा."

साहेबांनी खाली सही केली. सहमत.