अप्पांचा लॅपटॉप आणि तीन पुस्तकं

हॅकिंग शिकवणारी नवशिक्यांची पुस्तकं वाचण्यात काही अर्थ आहे का, असं चेन्नईच्या गिंडी भागातल्या आमच्या कारखान्यातल्या एका मुलीने मला जेवणाच्या सुट्टीत विचारलं. माझ्या पिशवीतून डब्यासोबत तसलं एक पुस्तक बाहेर आलं होतं. मी पन्नाशीला आलेली, तपासणी विभागात दिवसभर सुटे भाग मोजून पास-नापासचे शिक्के मारणारी बाई. तिला हसू आलं ते साहजिकच होतं. मी म्हटलं, तीन वाचलीत, सांगते कधीतरी. सांगितलं नाही. घरचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेव्हा मला कुणाला काही सांगावंसं वाटत नव्हतं.

घरचं म्हणजे अप्पा, माझे वडील. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नुसतं बोलणं नाही, अक्षरांची ओळखही गेली. वर्तमानपत्र समोर धरलं, मग ते तमिळ असो की मराठी, तर कोऱ्या भिंतीकडे बघावं तसे ते बघायचे. ऐकलेलं बरंचसं कळतं त्यांना, डॉक्टर म्हणाले. मान हलवून हो आणि नाही सांगता येईल, असंही म्हणाले. ते मी ऐकून घेतलं आणि घरी जाताना डायपरच्या मापाची चौकशी केली.

नंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. सकाळी त्यांचं तोंड धुणं, अंग पुसणं, भाताची कांजी भरवणं. साडेआठला दिवसभर सांभाळणारी बाई आली की मी बसला पळायची. संध्याकाळी ती गेली की पुन्हा तेच. रडू आलं नाही, चिडचिड झाली नाही. शेजारच्या मामी "पावम, पावम", बिचारी गं, म्हणत हळहळायच्या आणि माझा हात हातात घ्यायच्या. माझा हात त्यांच्या हातात आहे हे मला दिसायचं, तेवढंच.

मला एकच गोष्ट हवी होती. अप्पांचा लॅपटॉप उघडायचा होता. निवृत्त झाल्यापासून ते रोज दुपारी जेवण झालं की त्यावर आमच्या तंजावरी मराठीतले शब्द उतरवून ठेवत होते. कित्येक पिढ्यांपूर्वी कावेरीकाठी आलेली आणि तिथेच मुरलेली, तमिळ चालीवर बोलली जाणारी ही मराठी. माझी आई साताऱ्याची, म्हणून मला लिहिण्यापुरती ही पुस्तकी भाषा आली. पण बोलायची भाषा अप्पांचीच. आई गेल्यावर या चेन्नईतल्या आमच्या घरात ती बोलणारी आम्ही दोघंच उरलो. धाकटा भाऊ परदेशात, त्याची मुलं इंग्रजीत. शिळ्या भाताला काय म्हणायचं, रुसून बसलेल्या बाईला काय म्हणायचं, ते सगळं अप्पांना ठाऊक. आता ते फक्त त्या यंत्रात होतं. पासवर्ड त्यांनी कुणाला सांगून ठेवला नव्हता आणि आता तो त्यांचा त्यांनाही लिहिता आला नसता.

दुरुस्तीच्या दुकानात नेला तर दुकानदार म्हणाला, "डिस्कलाच कुलूप आहे, अम्मा. पुसून नव्यासारखा करून देतो, पण आतलं काही राहणार नाही." मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि परत आले. मग एकदा अप्पांची औषधं आणायला टी. नगरला गेले असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ही तीन पुस्तकं उचलली. डोकं ठिकाणावर असतं तर उचलली नसती.

पहिल्याच्या मुखपृष्ठावर डोक्यावरून टोपी ओढलेला, चेहरा नसलेला एक माणूस होता. आत शंभरेक पानं हॅकर किती प्रकारचे आणि त्यांतल्या चांगल्या-वाईटांच्या टोपीचा रंग कोणता, यावरच. उरलेल्या पानांत, वाचकहो, तुम्ही आता त्या वाटेला लागलात, अशी शाबासकी. असला माल आमच्याकडे आला असता तर मी गेटवरूनच परत पाठवला असता.

दुसऱ्यात कामाचं होतं. आपल्या संगणकाच्या पोटात दुसरा एक सरावापुरता संगणक उभा करायचा आणि मग त्यात घुसायचं. पुस्तकातले पडदे माझ्यासमोरच्या पडद्यांशी जुळेनात, कारण पुस्तक जुनं. भाऊ घरी सोडून गेलेल्या जुन्या संगणकावर तीन रविवार मी त्यात घातले. तिसऱ्या रविवारी घुसले एकदाची. हे सरावाचं कुलूप उघडण्यासाठीच बनवलेलं असतं, असं त्याच पानावर खाली बारीक अक्षरात छापलं होतं. अप्पांच्या लॅपटॉपला त्यातलं काही लागू पडलं नाही. पण त्या तीन रविवारी मी दुसरा कसलाही विचार केला नाही, तेव्हा त्याला मी अर्धे गुण देते.

तिसरं बारीकसं होतं. आधीच्या मालकाने पहिली वीस पानं पेन्सिलीने भरून टाकली होती आणि मग बहुधा नाद सोडला होता. त्यात लिहिलं होतं, कुलूप फोडू नका, माणूस ओळखा. लोक पासवर्ड जिव्हाळ्याच्या गोष्टींवरून ठेवतात. तेव्हा त्या माणसाला प्रिय असलेल्या पन्नास गोष्टी लिहून काढा.

मी वही घेऊन बसले. कुलदैवत. आईचं नाव. भावाचं. माझं. तंजावरची गल्ली. त्यांची पहिली सायकल. कॉफी. जिथे त्यांनी जन्मभर ड्रॉइंग काढली तो कारखाना. आंबट वरण. नऊ झाल्या आणि गाडी अडली. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मला तोंडपाठ, पाठीवरचा व्रण कुठे आहे ते डोळे मिटून सांगेन. पण दहावी गोष्ट सुचेना. या माणसाबरोबर मी सबंध आयुष्य एका छपराखाली काढलंय. त्या नऊ गोष्टी मी उलटसुलट करून, पुढे-मागे वर्षं लावून टाकून पाहिल्या. काही वेळा चुकलं की ते यंत्र थांबायला लावायचं, मी थांबायची, पुन्हा टाकायची. माझं नाव चालणार नाही याची मला खात्री होती, तरी ते टाकल्यावर बोट जरा अडखळलं. चाललं नाही. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

यादी संपली तेव्हा वाचायला फक्त पहिलं प्रकरण उरलं होतं. तिन्ही पुस्तकांत पहिलं प्रकरण एकच होतं आणि तिन्हीत मी ते सोडून दिलं होतं. मिक्सरसोबत येणाऱ्या कागदावरच्या सूचना कोण वाचतं? एका शनिवारी संध्याकाळी अप्पांना भरवून झाल्यावर त्यांच्या खाटेशी बसून मी ते वाचलं. दुसऱ्याच्या यंत्राला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आधी विचारायचं. विचारणं शक्य नसेल तर सोडून द्यायचं. बाकी सगळं त्यानंतर.

मी मान वर केली तर मालक माझ्याकडेच बघत होते.

त्यांना मी विचारलंच नव्हतं. लॅपटॉपचं सोडाच, मी त्यांना वर्षभरात काहीच विचारलं नव्हतं. तोंड उघडा म्हणायची आणि चमचा घालायची. कूस बदलूया म्हणायची आणि बदलायची. सदरा काढायचा का, दिवा मालवायचा का, त्यांना माझ्याच हातची कांजी हवी का, एकदाही नाही. डॉक्टरांनी हो-नाहीचं सांगितलेलं मी मापाच्या चौकशीत विसरून गेले होते.

रविवारी सकाळी मी त्यांना उशांना टेकवून बसवलं, मांडीवर जेवणाचं टेबल ठेवलं आणि त्यावर लॅपटॉप उघडून ठेवला. पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट. म्हटलं, "अप्पा, तुमचे शब्द मला पाहिजेत. हें मी उघडूं कां?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मापन-यंत्र बरोबर दाखवतं की नाही हे पाहिल्याशिवाय त्याच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, सवयच आहे. म्हणून विचारलं, "आज रविवार की?" हो. "मी तुमची आई कां?" नाही, आणि ओठाची डावी कड वर गेली. अप्पा हसले होते. "मी तुमची पोरगी कां?" हो. ही मान सावकाश हलली, दोनदा. मग मी पुन्हा पहिला प्रश्न विचारला. नाही.

तेवढ्यात भावाचा रविवारचा फोन आला. माझे हात गुंतलेले म्हणून मी तो स्पीकरवर टाकला आणि काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, अप्पांला आतां काय कळतंय? कुणाला तरी पैसे दे, ब्रेक करून घे. सगळं वाया जाईल की."

अप्पांनी डावा हात उचलला आणि लॅपटॉपच्या झाकणावर ठेवला. हात घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्या खेपेला झाकण खाली आलं. मी हात पुढे केला नाही. भावाला म्हटलं, "त्यांला कळतंय," आणि फोन ठेवला.

का नाही, ते मला आजही माहीत नाही. ड्राफ्ट्समन माणूस. तपासून सही झाल्याशिवाय एकही ड्रॉइंग त्यांनी टेबलावरून हलू दिलं नव्हतं. काम अर्धवट राहिलं म्हणून असेल. किंवा मला कळण्याजोगं कारणच नसेल. मला राग आला. असा आला की मी लॅपटॉप उचलून कपाटावर आदळला आणि ओरडले, "मग मी कुणासंग बोलूं, अप्पा?"

आणि बोलत सुटले. आमच्याच मराठीत, वर्षभराचं सगळं. बस, कंबर, दुकानदार, पुस्तकं, त्यांच्याविषयी मला नऊच गोष्टी ठाऊक आहेत हेही. मध्येच कधीतरी रडायला लागले. कांजी थंड झाली. अप्पा माझ्याकडे बघत होते. हुंदका आवरून मी विचारलं, "तुम्हांला त्रास होतोय कां?"

नाही.

"अजून बोलूं कां?"

अप्पांनी मान हलवली. हो.