सुगंधाबाईच्या हातावरचा चट्टा

सुगंधाबाई ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात धानाची लावणी, आमच्याकडचा रोवणा, करणाऱ्या बायांची मुखत्यार. कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती बाया लावायच्या, कोणाचे शेत आधी घ्यायचे, हे तीच ठरवते. चिखलात ओणवी होऊन ती मागे मागे सरकते आणि तिच्यापुढे धानाची सरळ ओळ उभी राहते.

२०२३च्या रोवण्यात तिच्या उजव्या हातावर मनगटाच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा आला. बायांनी बांधावरच निदान केले.

"मच्छीवर दूध पेली असन माय, दुसरं काय!"

तिची मुलगी मंजुषा हिने पार्लरमधून गोरेपणाची क्रीम आणली. चुरचुरली म्हणजे ती काम करते, मळ निघतो, असे पार्लरवालीने सांगितले होते. सुगंधाबाई आठ महिने ती दोन्ही हातांना चोळत होती. २०२४च्या मार्चमध्ये, चौदा तारखेला, ती माझ्याकडे, गावच्या आशा सेविकेकडे, आली तेव्हा तिच्या हातांची साल निघाली होती. चट्टा मात्र तसाच होता.

"इथी चुरचुरतच नाई, बाई," ती चट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली. "म्हंजे इथची चमडी चांगली हाये."

मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाचे टोक चट्ट्यावर टेकवले.

"लावा ना," ती म्हणाली. तोवर मी चार वेळा लावले होते.

दुसऱ्याच दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात नेले. कुष्ठरोग. वर्षभर गोळ्या, फुकट. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले, "गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कोणाला लागण होत नाही. रंग काळवंडेल, नंतर हळूहळू परत येईल. पण करंगळीची ताकद कमी झाली आहे. गोळ्या सोडल्यात तर बाकीची बोटेही जातील." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आठ महिने आधी आणायला हवे होते." या वाक्याचा राग मला अजून आहे, पार्लरवालीचा आहे, आणि तो हात आठ महिने रोज पाहणाऱ्या माझाही आहे.

जूनमध्ये मंजुषाला पाहायला नागभीडचे पाहुणे येणार होते. मी सहज सुगंधाबाईच्या घरी गेले, तर गोळ्यांचे पाकीट कोनाड्यात अर्धे भरलेले. अकरा दिवस तिने एकही गोळी घेतली नव्हती.

तिची जाऊ गिरजाबाई चुलीपाशी होती. "मीच बंद कराले लावल्या. दवाई उलटली, दिसत नाई का? माय अशी कोळशावानी, तं पोरगी कशी असन म्हणतीन लोक!"

"दवाई उलटलेली नाही! गोळ्यांनी रंग बदलणारच होता!" मी ओरडले. साल निघाली तेव्हा क्रीम गुणकारी होती, आणि रंग उतरला तर औषध खोटे? "सुगंधाबाई, हात कोणाचा जाईल?"

"हात माह्या हाये, बाई," ती खाली बघत म्हणाली. "पण पोरगी बी माहीच हाये."

मंजुषा दारातून तडकली.

"पोरगा मले पाहाले येऊन राह्यला का मायले? घे माय, गोळी घे आधी!"

तिने पाण्याचा गिलास आईच्या हातात दिला आणि गोळी गिळेपर्यंत समोरून हलली नाही. सकाळी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले, पण राहिलेल्या दिवसांचा हिशेब त्यांनी पुढे लावून दिला.

पाहुणे रविवारी आले. मुलाच्या आत्याने टेकताच चहा मागितला. पोहे झाले, मंजुषाचे शिक्षण विचारून झाले, चहाचे कप पुढ्यात आले. मग आत्याचे लक्ष सुगंधाबाईकडे गेले.

"तुमच्या घरी साऱ्याइचाच रंग असा पडते का?"

गिरजाबाई खोकू लागली. पण सुगंधाबाईने पदर सारून हातच पुढे केला.

"नाई. हा गोळ्याइचा हाये. कुष्ठरोगाचा चट्टा होता, दवाई चालू हाये. कोनाले लागत नाई, डॉक्टरनं सांगतलं."

पाहुण्यांना एकाएकी बसची आठवण झाली. तुम्हाला बरे वाटते का, एवढे एकानेही तिला विचारले नाही. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले आणि मराठीत होते तेवढे सारे ऐकवले.

परत आले तेव्हा मंजुषा हसत होती आणि रडतही होती. सुगंधाबाई भरलेल्या पाच कपांकडे पाहत उभी होती.

"गेले तं जाऊ दे," ती म्हणाली. "पण पेवाचा नोयता, तं चहा मांगला काऊन?"