बारशाआधीचा चंद्र

"नाही," सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "चंद्राला घरच्यांचं नाव देता येत नाही. तुला माहितीये."

माहीत होतं. तरी विचारलं, कारण विचारून बघते असा सविताला शब्द दिला होता.

मी राजगडाखालच्या पालीची. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी कुठंही सांगते. पुण्यात एका संस्थेत दुर्बिणीचे फोटो तपासते. शनीबरोबर सरकणारा अंधूक ठिपका सापडला, तर तो नवा चंद्र असू शकतो. आमच्या टीमला असा एक सापडला. त्याच सुमारास भोंगवलीला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीची, सविताची, मुलगी बारशाआधीच गेली. हॉस्पिटलच्या पट्टीवर नुसतं 'बेबी ऑफ सविता'. तिनं ओवी नाव ठरवलं होतं. ते कुठंतरी राहावं, एवढंच तिचं मागणं.

रविवारी भोंगवलीला गेले. सविता शेंगा फोडत बसली होती. सर नाही म्हणाले, हे सांगितलं आणि मग का, तेही. कामावर समजावते तसंच. नव्या चंद्राला आधी फक्त कोड. वर्ष, ग्रहाचं अक्षर, नंबर. मग त्याची कक्षा, म्हणजे फिरायची वाट, पक्की होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. काही मधेच हरवतात, ते कोडवरच राहतात. वाट पक्की झाली की कायमचा नंबर. मग शोधणारे नाव सुचवतात आणि आंतरराष्ट्रीय समिती मंजूर करते. तेही ठरलेल्या कथांमधलंच. आमचा उलटा फिरतो, म्हणून त्याला उत्तर युरोपातल्या कथांमधल्या राक्षसाचं.

"राक्षसाचं चालतंय. माज्या पोरीचं न्हाई व्हय."

नियम आहे, मी म्हटलं.

तिनं एक शेंग फोडली. दाणे हातातच राहिले. "म्हंजे आक्का, परत दिसंल त्यालाच नाव. गेला त्याला नुसता कोड."

नियम तोच होता.

आमचा चंद्र पुन्हा सापडला. पुढे नाव मंजूर झालं, ऑफिसात केक कापला. मी घरी बोलले नाही. सवितानंच फोनवर विचारलं, मग सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं.

"अवघड हाय," ती म्हणाली. "पर हाक तरी मारता यील."

नव्या लोकांना नावांचे नियम आता मीच शिकवते. हरवलेल्या चंद्रांचा भाग तेवढा घरी सांगू नका, असंही बजावते.