मामांचं नदीकाठचं रान

नगरमध्ये पाहुण्यांना चहाच्या आधी नदीवर नेणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर जामखेडहून मुलाकडे राहायला आले आणि आठवड्याभरात सीनाकाठच्या त्या रानात शिरले. पाखरांसाठी राखलेली ती जागा तोवर उकिरडा झाली होती. पाडलेल्या घरांचा राडारोडा, प्लास्टिक आणि त्यावर माजलेली वेडी बाभूळ. मामा रोज सकाळी कोयता नि घमेलं घेऊन जात. लोकांचे वडील फिरायला जातात, आमचे कामावर जातात, असं त्यांचा मुलगा सांगे.

कंडक्टरकी काही सुटली नव्हती. निर्माल्याची पिशवी घेऊन कुणी पुलावर दिसलं की मामा शिट्टी मारत, फुलं खड्ड्यात पुरत आणि रिकामी पिशवी त्याच्या हातात परत देत. माझ्या सासूबाईंना, म्हणजे सख्ख्या बहिणीलाही, त्यांनी सोडलं नाही. लावलेल्या प्रत्येक करंजाला सीट नंबर होता. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला "बारा नंबर सुकलाय" म्हणत ते ताटावरून उठून गेले होते.

एकदा राडारोड्याचा टेम्पो आला. मामा वाटेतच पेपर वाचत बसले. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, उठा. मला घाई हाय."

"मला न्हाई," मामा म्हणाले.

दुपार झाली तसा त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी त्याला दिली. ती खाऊन तो भरला टेम्पो घेऊन माघारी गेला. पुढच्या रविवारी मात्र रिकामा टेम्पो घेऊन आला आणि जुना ढीग उचलू लागला. ते बघून गल्लीतली माणसंही फावडी घेऊन उतरली.

दोन-तीन पावसाळ्यांत करंज डोक्याच्या वर गेले आणि पाखरं परतली. नेमके त्याच काळात मामांचे कान गेले. यंत्र आणून दिलं, तर त्यात नुसती घरघर येते म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

परवा आम्ही दोघंच तिथल्या जुन्या उंबराखाली बसलो होतो. मामा वर बघत म्हणाले, "जावईबापू, कोन बोलतंय का?"

मला पाखरांतलं काही कळत नाही. मी त्यांचा हात घेतला आणि वरून ऐकू येत होतं तसं तळव्यावर बोटाने ठोकत राहिलो. टुक, टुक, टुक, एका लयीत.

"तांबट," मामा म्हणाले. "आला म्हनायचं."

थोड्या वेळाने वर सगळं शांत झालं. मामांचा तळवा तसाच उघडा होता. मी आणखी जरा वेळ ठोकत राहिलो.